बाबांचा रिफंड

कुवेतमध्ये आयकर नाही, याचं माझ्या बाबांना कायम हसू यायचं. "कर नाही म्हणजे रिफंडही नाही," ते पत्रात लिहायचे. "मग तुम्ही लोक वर्षभर वाट तरी कशाची बघता रे?"

ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. चिपळूणला माझ्या बहिणीजवळ राहायचे. बँक त्यांच्या पेन्शनमधून कर कापून घ्यायची आणि त्यातला परत मिळण्याजोगा तेवढा मिळवण्यासाठी बाबा दर वर्षी चष्मा पुसून फॉर्म भरायला बसायचे. मी कुवेतच्या हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन म्हणून निघालो, तेव्हा त्यांनी माझ्या आयुष्याचा विमा उतरवला होता. त्याचे हप्ते ते स्वतः भरत, मला हात लावू देत नसत. त्या हप्त्यांवर करात सवलत मिळे आणि रिफंड थोडा वाढे. घर माझ्या पगारावर चालायचं. हे वाढीव चार पैसे मात्र त्यांचे स्वतःचे. त्यातून ते कुळीथ आणत, भाजून दळून घेत आणि कुवेतला निघालेल्या कुणाच्या तरी गळ्यात पिठाची पुडी मारत. पुडीवर लिहिलेलं असे, 'सरकारी खर्चाने.'

नव्वदच्या जुलैत मी सुट्टीवर घरी होतो. त्या वेळी घोळ मी घातला. फॉर्मसोबत जोडायला हप्त्यांच्या पावत्यांच्या झेरॉक्स हव्या होत्या आणि बाबा छत्री घेऊन दुकानात निघाले होते. मी म्हटलं, "पैसे कशाला घालवता? आमच्या हॉस्पिटलात मशीन फुकट आहे. करून पाठवतो." आखातात राहून आम्हाला ही एक खोड लागते. फुकटच्या गोष्टीसाठी आम्ही समुद्रापार ओझं वाहतो. दहा कागदांची ती फाईल मी बॅगेत टाकली.

"विसरशील," बाबा म्हणाले.

"पंधरा दिवसांत येतील कागद."

फाईल कुवेतला हवल्लीतल्या माझ्या खोलीत फ्रिजवर पडून राहिली. आज करू, उद्या करू. आणि ऑगस्टमधल्या एका सकाळी खालच्या रस्त्यावर इराकचे रणगाडे उभे होते.

टपाल बंद, फोन बंद. आपले लोक बसने बसऱ्यावरून बगदाद, तिथून अम्मानला जात आणि पुढे विमानाने घरी. माझाही नंबर लागला होता. मी गेलो नाही. रुग्णांसाठी थांबलो, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं आणि लोकांनी कौतुकही केलं. खरं सांगायचं तर मला त्या वाळवंटाची भीती वाटत होती, आणि नोकरी हातची जाईल याची त्याहून जास्त. आणखी एक आठवडा बघू, म्हणत राहिलो.

शुवैखच्या एका गॅरेजात दाभोळचे एक मेकॅनिक चाचा होते. सप्टेंबरमध्ये ते निघाले तेव्हा मी त्यांच्या हातात फाईल दिली. लोक सोनंनाणं कमरेला बांधून नेत होते आणि मी विम्याच्या पावत्या देत होतो. मला लाज वाटली.

"बाकी सामान टाकायची पाळी आली तर टाकीन," चाचा म्हणाले, "पण वडलांचे कागद नाय टाकणार."

सोबत चिठ्ठी दिली, 'मी ठीक आहे. उशीर झाला, माफ करा.' त्यानंतर घरची एकही ओळ मला मिळाली नाही. जानेवारीत बॉम्ब पडू लागले. मी जिवंत आहे हे घरी कसं कळेल, एवढाच विचार मी जिन्याखाली बसून करायचो. तेव्हा मला वाट बघणं म्हणजे काय ते कळलं.

कुवेत सुटलं. तेलाच्या विहिरी पेटलेल्या होत्या, धुरामुळे दुपारीही गाड्यांचे दिवे लावावे लागत. एप्रिलमध्ये बहिणीचं पत्र आलं. बाबा फेब्रुवारीत गेले होते. माझी सप्टेंबरमधली चिठ्ठी हीच त्यांच्यापर्यंत पोचलेली शेवटची खबर. ते पत्र मी एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत वाचलं आणि तिथेच ढसाढसा रडलो.

पावसाळ्यानंतर चाचा परत आले. पिशवीतून त्यांनी कुळथाच्या पिठाची पुडी काढली.

"जानेवारीत दिलेली त्यांनी, परत जाल तेव्हा न्या म्हणून," ते म्हणाले. "मुदत टळलेली, तरी फाईल घेऊन रत्नागिरीच्या कचेरीत गेले, भांडले, रिफंड मिळवलाच. मग दर शुक्रवारी एसटीने दाभोळला माझ्याकडे येत. तुमची काय खबर आली काय, एवढंच विचारीत आणि परत जात. शेजारचे बोलले, मुलाचा पत्ता नाय, आता हप्ते कशाला भरता? तर त्यांच्यावर एवढे चिडले की त्या घरचा चहा सोडला."

पुडीवर तेच लिहिलेलं होतं, 'सरकारी खर्चाने.' अक्षर जरा हललेलं. पिठात पोरकिडे झाले होते. मी ते चाळलं, उन्हात ठेवलं, पिठलं केलं. कडू लागलं. पण सगळं खाल्लं.

पुडीच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये एक कागद गुंडाळलेला होता. माझ्या विम्याच्या डिसेंबरच्या हप्त्याची पावती. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'ही पुढच्या वर्षीच्या फॉर्मला लागेल. मुद्दाम तुझ्याकडे देतो आहे. टपालाने पाठवू नकोस, कुणाच्या हाती देऊ नकोस. स्वतः घेऊन ये.'