डावीकडची ओळ

मायला लकव्याचा झटका आला तेव्हा आमच्या वावरातली कपाशी गुडघ्याएवढी होती. पुढे बोंडं फुटायला लागली तरी मी शहाद्याच्या स्टँडवर तिचा दंड धरून उभीच. आठवड्यातून तीन दिवस. एसटी लागली की लोक दाराशी तुटून पडायचे आणि मी ओरडायचे, "अहो, म्हातारं माणूस चढतंय, जरा दम धरा!" दम कोण धरतंय? मग मी सरळ कोपर मारायचे. पूर्वी मी अशी नव्हते. त्या पाच महिन्यांत मात्र माझ्या तोंडाला आणि कोपराला दोन्हीला धार आली होती.

मी नवापूरला एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. नवरा, मुलं, घर, सगळं तिकडे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ सुरतेला. तो रोज फोनवर विचारायचा, "माय कशी आहे?" आणि माझ्या तोंडावर यायचं, येऊन बघ की रे बाबा. पण म्हणत नव्हते. रजा वाढवून वाढवून संपली होती. सोमवारी हजर झालंच पाहिजे, असं मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं. आता सगळं एकाच गोष्टीवर अडलेलं. मायला घरात एकटीला सोडता येईल का? ती चालत होती, बोलत होती, डावा हात तेवढा ढिला होता. चुलीवर दोन भाकरी तिने स्वतःच्या स्वतः टाकल्या की मी मोकळी, एवढंच माझं मागणं.

त्याचा निकाल देणार होतं एक यंत्र. शहाद्याच्या दवाखान्यात मागच्या खोलीत टेबलावर मोठी स्क्रीन आडवी बसवलेली. तिच्यावर हिरवा ठिपका उमटायचा, मोठा होत होत पांढरा व्हायचा आणि विझायचा. मग दुसरीकडे दुसरा. ठिपका दिसला रे दिसला की पेशंटने त्यावर बोट लावायचं. किती वेळात लावलं, नेमकं लावलं की बाजूला, सगळं यंत्र टिपायचं. डोळा आणि हात यांचा मेळ किती बसलाय ते त्यातून कळतं, असं तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी मला समजावलं होतं. शेवटी स्क्रीनचं चित्र यायचं. लागलेले ठिपके हिरवे, हुकलेले लाल.

"आजी, ठिपका दिसला की लगेच बोट लावायचं हं," बाई सांगायच्या. माय मान डोलवायची. मान ती छानच डोलवते.

आणि चित्र यायचं लालभडक. वर लाल, खाली लाल, इकडे लाल, तिकडे लाल. प्रत्येक खेपेला तेच. मी मागे उभी राहून दातओठ खायचे. "माय, बोट लाव ना व! काय देखी ऱ्हायनी?" ती माझ्याकडे वळून अशी बघायची, जणू मीच खुळी. बाई म्हणायच्या, "ताई, रागावू नका." रागावू नका म्हणे! पहाटे उठून भाकरी, मायची आंघोळ, एसटी, आणि हाती काय, तर लाल.

घरी तिचं आणखी एक खूळ होतं. ताटातली उजवीकडची भाकरी आणि चटणी खायची, डावीकडची भाजी तशीच टाकायची. "एवढी वांग्याची भाजी केली, चव नाही का तुला?" मी करवादायचे. ती ताटाकडे बघून विचारायची, "कोनती भाजी?" मला वाटायचं, नाटकं करते. एकदा तर मी ताट ओढून घेतलं आणि आदळलं. तिने ओठ पुसले आणि गुपचूप उठली. ते आठवलं की अजून जिवाला लागतं.

त्या शेवटच्या गुरुवारी मी स्क्रीनकडे बघायचंच सोडलं होतं. कंटाळा आला होता लाल बघून. मी नुसती मायच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. आणि माझ्या लक्षात आलं की तो हात चुकत नाहीये. हात जायचा तो बरोबर ठिपक्यावरच जायचा आणि वर अधांतरी थांबायचा. एक बोट नाही, तीन बोटं चिमटीत धरलेली. ठिपका पुरता पांढरा झाला की चिमूट झपकन खाली. तोवर ठिपका गेलेला असायचा.

"माय, कसाले थांबस व तू?"

"मंग?" ती फणकारली. "फुटू दे ना त्याले. कच्चं बोंड कोन येचस?"

अगं माझे बाई! मी कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागले. कित्येक महिन्यांनी हसले असेन. त्या बाई सांगलीकडच्या, त्यांना काय कळणार? मी त्यांना सांगितलं, हिचा जन्म कापूस वेचण्यात गेलाय. कच्चं बोंड ओढलं की कापूस ओला निघतो आणि बाकीच्याला डाग लावतो. लहानपणी मी असं एक बोंड ओढलं, तर हिने माझ्या हातावर चापट दिली होती. ही काय हिरव्याला हात लावते!

मी मायच्या कानाशी वाकले. "माय, आज हिरवंच येचानं शे. आन् एकच बोट."

"येडी झायी का व तू?"

"झायी. येच तू."

माझ्या हट्टापायी तिने ते पाप केलं. बोट टकाटका पडायला लागलं. हिरव्या ठिपक्यांवर, पांढरे व्हायच्या आत. मी मनात नवापूरची पिशवी भरायलाही घेतली. मुलांचे चेहरे दिसले, माझं टेबल दिसलं. सोमवारी मी जाते, असं मी स्वतःशी म्हटलंसुद्धा.

चाचणी संपली. बाई चित्रावर वाकल्या. मग त्यांनी चित्र माझ्याकडे वळवलं. उजवी बाजू हिरवीगार. डावी बाजू लाल. मधोमध जणू बांध घातलेला.

"आतापर्यंत सगळीकडेच लाल होतं ना ताई, म्हणून हे मला दिसलंच नाही," त्या हळू म्हणाल्या. "त्यांचे डोळे चांगले आहेत. पण डावीकडे काही आहे, हे मेंदू त्यांना सांगतच नाही." मग त्यांनी मायला विचारलं, "आजी, या डाव्या बाजूला काही आलं होतं का?"

माय म्हणाली, "तठे काय शे? काहीच नही."

मला ताट आठवलं. आदळलेलं. वांग्याची भाजी डावीकडे होती. रोज डावीकडेच होती.

"चुलीपाशी एकटं नका सोडू," बाई म्हणाल्या. "डावीकडचा जाळ कळणार नाही, पदर कळणार नाही. सुधारणा होते, पण अजून बरेच महिने जातील."

"सोमवारपर्यंत काही...?" मी विचारलं. काय मूर्खासारखा प्रश्न! पण विचारला. बाईंनी नुसती मान हलवली.

येताना एसटीत जागा मिळाली. माय खिडकीशी बसून डुलक्या घेत होती आणि मला रडूही येत नव्हतं, इतकी मी थकले होते. फाट्यावर उतरलो. आमचं वावर रस्त्याला लागूनच आहे. कपाशी पांढरीशुभ्र फुटली होती, वेचायला माणूस नव्हतं. मायने माझा हात सोडवला आणि सरळ आत शिरली. मी नको म्हटलं नाही. नको म्हणायलाही जोर लागतो.

आमच्याकडे बाया दोन ओळींच्या मधून चालतात. उजव्या हाताने उजवी ओळ, डाव्या हाताने डावी. माय म्हणजे दोन्ही हातांनी सारखीच वेचणारी, तिच्या मागे एक बोंड सापडायचं नाही. मी लहानपणी तिच्या शेजारच्या पट्ट्यात असायचे, माझं मागे पांढरं राहायचं आणि ती ओरडत येऊन ते वेचायची.

तिने पदराची ओटी खोचली. उजवा हात चालू झाला. एकेक फुटलेलं बोंड, चिमटीने, अलगद. कच्चं तसंच सोडून. मी मागून चालत होते. उजवी ओळ अशी साफ, की बघत राहावं. डाव्या ओळीला तिने हातसुद्धा लावला नाही. ढिला हात नुसता लोंबत होता आणि ती पांढरी ओळ तिच्या अंगाला घासत मागे जात होती.

ओळ संपली. माय बांधापाशी पोचली आणि वळली. वळल्यावर डावी ओळ तिच्या उजव्या हाताला आली. तिला ती दिसली. सगळीच्या सगळी, पांढरी.

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने माझ्याकडे बघितलं, आणि अगदी मी दहा वर्षांची असताना ओरडायची तशी ओरडली, "आंधळी शे का व? आख्खी ओळ ठेवी दिन्ही तू!"

"हो माय," मी म्हटलं. "मन्हंच चुकनं."

मी पदर खोचला आणि त्या ओळीला लागले. ती बांधावर बसून माझ्यावर लक्ष ठेवत होती. मी मागे एकही बोंड राहू दिलं नाही.