चांदीचा फ्यूज

दिलवरसिंग पावरा गाडीला वूफर बसवून देतो आणि वर चार शब्द फुकट ऐकवतो, असं तळोद्याच्या जीपस्टँडवर म्हणतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्याचं दुकान बायपासला, पंक्चरवाल्याच्या शेजारी. समोर एखादी जीप उभी, तिचे मागचे दोन्ही दरवाजे उघडे, आणि आत ढोपरांवर बसलेला दिलवरसिंग, तोंडात पाना, कानावर पेन्सिल. गिऱ्हाईक काही विचारायला गेलं की पाना तोंडातून निघतो आणि मग तोंडाचा पट्टा सुरू होतो. तरी माणसं त्याच्याचकडे येतात, कारण त्याचं काम पक्कं.

माणूस मूळचा धडगावकडच्या पाड्यावरचा. आईबाप मजुरीला सुरतेला जायचे, तेव्हा हा बरोबर जायचा. तिथे गाड्यांना टेप बसवणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकला. मिस्त्री मारकुटा होता. एकदा चुकलं की टपली, दुसऱ्यांदा चुकलं की पान्याचा दांडा. त्यामुळे जे शिकला ते हाडात उतरलं. बॅटरीची काळी वायर आधी सोडवायची, मगच बाकीच्या कामाला हात. हातातली अंगठी, कडं, साखळी, सगळं काढून खिशात. लाल वायर इंजिनाकडून आत घ्यायची ती पत्र्याच्या भोकात रबर बसवून, नाहीतर पत्र्याची धार तिला कापते. अर्थची वायर रंगावर आवळायची नाही, रंग खरवडून उघड्या लोखंडावर आवळायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. ॲम्प्लिफायर मागे असतो म्हणून फ्यूजही मागे लावणारे दुकानदार आहेत. त्यांचं नाव काढलं तरी दिलवरसिंगचं डोकं फिरतं. मधली सगळी वायर मग उघडी पडते, तिला वाली कोण?

पण हे ‘का’ तो कोणाला सांगायचा नाही. सुरतेच्या मिस्त्रीने त्याला कधी सांगितलं नव्हतं, मार खाऊन खाऊन त्याने ते आपलं आपण जुळवलं होतं. ज्याला फुकट मिळालं नाही तो फुकट का वाटेल? गिऱ्हाइकाला एकच आज्ञा: हात लावायचा नाही.

धनसिंगची जीप तळोदा ते धडगाव धावते, चांदसैली घाटातून. त्या रस्त्याला कोणत्या गाडीत बसायचं हे प्रवासी कानाने ठरवतात. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या सीटा आधी भरतात. ज्याची गाडी मुकी, तो दुपारपर्यंत स्टँडवर माश्या मारत बसतो. म्हणून धनसिंगने मोठ्या हौसेने दोन वूफर आणि ॲम्प्लिफायर बसवून घेतला. काम चालू असताना त्याने बॉनेटमध्ये डोकावून विचारलं होतं की दादा, एवढ्या जाड तारेमध्ये ही एवढीशी पातळ पट्टी कशाला?

भोवती चार ड्रायव्हर उभे होते. दिलवरसिंगला जरा चेव आला.

“ते गाडीचं काळीज आहे,” तो म्हणाला. “त्याला हात लावायचा नाही.”

सगळ्यांनी माना डोलवल्या. धनसिंगने तर ते बोलणं घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणजे रूपलीबाई, मुलाच्या गाडीला रोज सकाळी हात लावून पाया पडणारी. तिने ते मनात ठेवलं.

दिवाळीनंतर धनसिंगने जीपमध्ये मागे आणखी एक बाकडं बसवलं. लोखंडी पायांचं, लोहाराकडून करून घेतलेलं. चार माणसं जास्त बसू लागली. आणि तेव्हापासून फ्यूज उडायला लागला. घाटात गाणं चालता चालता बंद. धनसिंग दुकानात आला, दिलवरसिंगने नवी पट्टी हातात ठेवली. पुन्हा आला. लग्नसराईची गर्दी होती, तीन गाड्या रांगेत होत्या. दिलवरसिंगने जीपकडे मान वळवूनही पाहिलं नाही. आवाज छाती फुटेस्तोवर लावतोस, मग काळीज फुटणार नाही तर काय, असं चारचौघांत सुनावलं आणि दुसरी पट्टी दिली. धनसिंग खालमानेने गेला, आणि त्यानंतर आला नाही. दिलवरसिंगला वाटलं, पोरगं सुधारलं.

मग उजाडला तो दिवस. दिलवरसिंगच्या बायकोच्या, सीमाच्या माहेरी इंदल होती, म्हणजे नवसाची पूजा. भावाने बोलावणं धाडलं होतं. धनसिंगची जीप त्याच पाड्यावरून जाते, आणि रूपलीबाईही बाजार करून परत निघाली होती, म्हणजे सोबतही झाली. दिलवरसिंगने स्वतः सीमाला मागच्या बाकड्यावर बसवलं, तिची पिशवी वर चढवली. जीप खच्चून भरली, वूफर घुमायला लागला, स्टँडवरची पत्र्याची टपरी थरथरली. आपलंच काम असं वाजतंय हे पाहून गडी मनातून फुलला होता, ते काही त्याने तोंडावर दिसू दिलं नाही.

येताना त्याच्या खिशात सीमाचं तुटलेलं पैंजण होतं, ते टाका मारायला द्यायचं म्हणून तो रतिलाल सोनाराकडे वळला. रतिलाल बोलघेवडा. हाताने काम कमी, तोंडाने जास्त. चहा मागवला, आधी बसवून ठेवलं, चुलतभावाचं भांडण सांगितलं, मग गावातल्या पाण्याचं गाऱ्हाणं, आणि बऱ्याच वेळाने हसत हसत म्हणाला, “दिलवर, तुन्हा धंदा आते मी करी ऱ्हायनू.”

माझा धंदा तू करतोस म्हणजे काय, असं दिलवरसिंगने विचारलं. तर हा गृहस्थ सांगतो, धनसिंगची आई येऊन गेली. हातातलं चांदीचं कडं काढून दिलं आणि त्याच्याबरोबर एक जळकी पट्टी दिली, अगदी अश्शीच घडवून दे म्हणाली. गाडीचं काळीज आहे म्हणे, पण हलक्या धातूचं आहे, सारखं जळतं, पोराला दुकानात बोलणी खावी लागतात. तर चांदीचं करून दे, अस्सल, जळणार नाही असं. रतिलालने कडं ठोकून चांगली जाड पट्टी केली, दोन्ही टोकांना भोकंही पाडली. वर म्हणतो, “तुन्हा फ्यूजना बाप शे तो. जनमभर जळाव नही.”

दिलवरसिंगच्या हातातला चहा मांडीवर सांडला. त्याला चटकाही कळला नाही.

जन्मभर जळणार नाही! अरे, जळण्यासाठीच तर तो असतो. तारेला कुठे दगा झाला, ती कुठे लोखंडाला चिकटली, की पट्टीने आधी मरायचं आणि गाडी वाचवायची, एवढंच तिचं काम. आणि इथे या लोकांनी मरणारच नाही असा पहारेकरी घडवून बसवला होता, तोही आईच्या हातातल्या चांदीचा. रागवावं तर कोणावर?

त्याने फोन लावला. सीमाचा लागेना, धनसिंगचा लागेना. कोठार गाव सुटलं की त्या रस्त्याला फोन म्हणजे खिशातला दगड. त्याने मोटारसायकलला किक मारली आणि रतिलालचं पुढचं बोलणं वाऱ्यावर सोडून निघाला.

गाडी चालवता चालवता त्याचं डोकं चालायला लागलं, आणि ते न चालतं तर बरं झालं असतं. फ्यूज उडतोय तो आवाजाने कसा उडेल? आवाज तर पहिल्या दिवसापासून तेवढाच होता. मग बदललं काय? बाकडं! लोखंडी पायांचं बाकडं, आणि ते बरोबर मॅटवर, मॅटखाली त्याने स्वतःच्या हाताने नेलेली लाल वायर. माणसं बसली, खड्डा आला, की पाय वायरीत रुतायचा. फ्यूज दोनदा ओरडून सांगत होता आणि दिलवरसिंगने दोनदा त्याचं तोंड बंद करून नवा हातात दिला होता. मिस्त्री म्हणवतो स्वतःला! आणि त्याच बाकड्यावर आज सकाळी त्याने बायकोला बसवलं होतं, पिशवीसकट. कोणा देवाला काय काय कबूल केलं ते त्याला नंतर आठवलंच नाही.

घाटाच्या तिसऱ्या वळणावरून धूर दिसला. काळा, जाड, रबर जळतं तसा. त्याला वाटलं आता गाडी थांबवावी आणि पुढे जाऊच नये. पण मोटारसायकल आपोआप चढत राहिली.

वळणावर जीप उभी होती. जीप कसली, सांगाडा. टायर गेले होते, सीटा गेल्या होत्या, काचा फुटून रस्त्यावर पसरल्या होत्या. आणि पलीकडे कडेला दगडांवर माणसं बसली होती. दिलवरसिंग एकेक तोंड बघत गेला. सीमा शेवटी दिसली. पदराने तोंड पुसत होती. तो तिच्याजवळ गेला, तिच्या खांद्याला हात लावून पाहिला, आणि तिथेच रस्त्यावर फतकल मारून बसला. चारचौघांत कधी डोळ्यांतून पाणी न काढलेला माणूस हुंदके द्यायला लागला. सीमालाच त्याची समजूत काढावी लागली.

झालं होतं ते असं. सगळ्यांच्या पायांत चपला, बूट. रूपलीबाई अनवाणी. खालची मॅट तापायला लागली ती फक्त तिला कळली. चटका बसला तशी ती ओरडली, पण गाण्यापुढे कोणाला ऐकू जाणार? मग तिने पुढच्या माणसाला ढकललं, त्याने त्याच्या पुढच्याला, असं करत धक्का धनसिंगपर्यंत पोचला. गाडी थांबली, माणसं उतरली. धनसिंगने इंजिन बंद केलं, चावी काढून घेतली, तरी खालून धूर वाढतच राहिला. चावी काढली तरी कशी जळते, हे त्याला समजेना; लाल वायर थेट बॅटरीवरून येते, चावीशी तिचा संबंध नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माती टाकली, गोधड्या टाकल्या, काही उपयोग झाला नाही. सीटचा फोम पेटला आणि मग सगळंच पेटलं.

धनसिंग काठीने इंजिनातली राख उकरत होता. त्यातून त्याने ती पट्टी काढली, फडक्याने पुसली. काळा थर निघाला आणि चांदी पांढरी लखलखली. माणसं उठून जवळ आली. एका म्हाताऱ्याने तिला हात लावून कपाळाला लावला. एवढी गाडी जळून खाक झाली आणि हिला काही झालं नाही, म्हणजे हिनेच आपल्याला राखलं, असं कोणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं. मागून येऊन थांबलेल्या दुसऱ्या जीपचा ड्रायव्हर तिथे उभा होता. त्याच्याही गाडीत दिलवरसिंगचंच काम. तो धनसिंगला विचारत होता की सोनाराला किती चांदी लागली, मीही माझ्या गाडीला करून घेतो.

रूपलीबाई मात्र जागची उठली नव्हती. भाजलेला पाय लांब करून बसली होती, एका हातात कडं, दुसरा हात मोकळा. पण तिच्या तोंडावर समाधान होतं. मुलाची गाडी गेली, तरी तिच्या चांदीने इतक्या माणसांचा जीव वाचवला होता.

दिलवरसिंग गप्प बसू शकला असता. त्याच्या कामाचं नाव राहिलं असतं, म्हातारीचं समाधान राहिलं असतं. पण मग ही दुसरी जीप उद्या सोनाराकडे गेली असती.

“आई,” तो पावरी बोलीत म्हणाला, “चांदीने वाचवलं नाही. चांदीमुळेच पेटलं. वाचवलं ते तुझ्या पायाने.”

धनसिंगच्या हातातली पट्टी तशीच राहिली. म्हाताऱ्याने मान फिरवली. सीमा नवऱ्याकडे अशी बघत होती की याला वेड लागलं का.

शब्दांनी हे पटणार नाही, हे दिलवरसिंगला कळलं. तो मोटारसायकलकडे गेला, बाजूचं झाकण काढलं, बॅटरी उघडी केली. तिथेच जादा ठेवलेला बारका फ्यूज असतो, तो काढला, डिकीतल्या वायरीचा तुकडा काढला, आणि रूपलीबाईच्या पुढ्यात आणून सगळ्यांना जवळ बोलावलं. हातातली अंगठी खिशात टाकली. आत बारीक दोरा आहे तो बघा म्हणाला. मग वायर जोडून बॅटरीला टेकवली. टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. फ्यूजमधला दोरा तुटून काळा पडला होता. वायर मात्र तशीच गार. त्याने ती रूपलीबाईच्या तळहातावर ठेवली.

तो मेला म्हणून ही गार राहिली, तो म्हणाला. त्याने मरायचंच असतं. तो मेला की गाडी बघायची, कुठे दुखतंय ते शोधायचं.

रूपलीबाईने वायर चाचपली. मग तो काळा पडलेला फ्यूज डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच.”

“मग हे दुकानात दाखवलं असतंस, तर मला कळलं नसतं का?”

ती रागावून बोलली नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि त्याच्या तोंडाकडे बघत ती थांबली होती.