कबरीचं झबलं

मास्तर टेपचं एक टोक आमच्या हातात द्यायचे आणि तोंड भिंतीकडं फिरवून उभे राहायचे. "तुमीच घ्या वहिनी माप. मला आकडा सांगा फकस्त." भिंतीवर देवीचं कॅलेंडर होतं. आमच्या गल्लीतल्या यच्चयावत बायकांची मापं मास्तरांनी त्या कॅलेंडरकडं बघत लिहून घेतली.

आणि गंमत म्हणजे ते लेडीज टेलर होते! आचाऱ्यानं डोळे मिटून फोडणी घालावी, तसला कारभार. धाराशिवात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची गल्ली, तिच्या तोंडाशी त्यांचं दुकान. एक मशीन, एक बाकडं, चिंध्यांचं एक गाठोडं आणि दारात खालमानेनं बसलेले मास्तर. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. बाई समोरून आली की हा जमिनीवर काहीतरी हरवल्यासारखं शोधायला लागतो.

लग्न होऊन आले तेव्हा मी भारी फाजील होते. कॅलेंडरकडं तोंड केलेल्या मास्तरांना आकडा सांगताना मी कमरेतले दोन इंच गिळून टाकले. उगाच आपली हौस. ब्लाउज शिवून आला तो अंगात शिरेना. तेव्हा गप्प बसावं की नाही? तर मी तणतणत दुकानात. "मास्तर, लक्ष कुठं असतं तुमचं?" मास्तर कॅलेंडरला म्हणाले, "चुकलं वहिनी. उसवून देतो."

गल्लीत त्यांचा विषय निघाला की आम्ही बायका पोट धरून हसायचो. हसून झालं की कुणीतरी डोळे पुसत म्हणायचं, "पण माणूस सज्जन हो." त्यांच्या बायकोला आम्ही मास्तरीण म्हणायचो. तिला मी कितीदा तरी म्हटलं असेल, "नशीबवान आहेस बाई तू. आमच्या ह्यांना बघ, रस्त्यानं जाणारी एक सोडत नाहीत." मास्तरीण पदरानं तोंड झाकून हसायची. निदान मला तरी ते हसणं वाटायचं.

आता कबरीचं सांगते. मास्तरांच्या दुकानाच्या पायरीखाली एक कबरी कुत्री राहायची. वर्षातून दोनदा व्यायची. पिल्लं जरा रांगायला लागली की एखादी जीप नाहीतर टेम्पो यायचा. मास्तर खाली उतरून, चिंधीत गुंडाळून पिल्लू उचलून न्यायचे. शेवटी गल्लीतल्या पुरुषांनी ठरवलं, कबरीला पोत्यात घालून हायवेला लांब सोडून यायचं. आमच्याच ओट्यावर ही सभा चालली होती. मास्तर दुकानातून उठून आले. चार माणसांत ते बोलायला उभे राहिलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

"सोडू नका," ते म्हणाले. "तिचं ते... करून घेऊ."

"काय करून घेऊ, मास्तर?" मी विचारलं. कळलं होतं मला. पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

मास्तरांचे कान लाल झाले. "ते... सरकारी."

"सरकारी काय? सातबारा?"

ओटा हसून फुटला. मी तेव्हा ऐन पासष्टीत होते. तुम्हाला पासष्ट म्हणजे म्हातारपण वाटत असेल, पण सत्त्याहत्तरीतून मागं बघितलं की ते पोरवयच दिसतं. अक्कलही पोराइतकीच.

रिक्षा करून आम्ही दोघं कबरीला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेलो. माझ्या नातीएवढी मुलगी, पण हात सराईत. ऑपरेशन झालं, रेबीजची लस दिली, ओळखीसाठी कानाला बारीकसा काप दिला. मग आम्हाला समोर उभं करून म्हणाली, "आज पोटभर खायला घालू नका. पाणी लागू द्यायचं नाही, जिने चढू द्यायचे नाहीत, टाके चाटू द्यायचे नाहीत. अंगात घट्टसर काहीतरी घाला. आणि रोज जखम उघडून बघायची. सूज, पू, वास, काहीही वाटलं की लगेच आणायचं."

मास्तर भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडं बघत मान हलवत होते.

कबरीची सोय आमच्या जिन्याखाली केली. मी आपली सवयीनं शिरा करायला घेतला, साजूक तुपातला. ऑपरेशन पोटाचं, म्हणजे बाळंतिणीसारखंच करायचं, असा माझा हिशेब. मास्तरांनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली. "डॉक्टरीणबाईनं नको म्हनलंय." तो शिरा मग मीच खाल्ला. लस टोचल्यामुळं म्हणा, ऑपरेशनमुळं म्हणा, कबरी दुसऱ्या दिवशीही मलूल होती. ते बघून गल्लीत आवई उठली की कुत्री पिसाळली. मास्तर घरोघरी जाऊन, उंबऱ्याशी बोलावं तसं खाली बघत सांगून आले, "लस दिलीया. एकदोन रोज असंच ऱ्हातंय म्हनं."

अंगात घालायला काहीतरी हवं म्हटल्यावर मात्र मास्तर खुलले. गाठोड्यातून खणाचा तुकडा निघाला. माझ्याच पोराच्या लग्नातल्या ब्लाउजचा उरलेला. टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि स्वतः जिन्याच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"मास्तर! अहो कुत्री आहे ती!"

"बाईमानूसच की वहिनी."

मी हसून हसून खाली बसले. गुंगीत असलेली कबरी मला अंगाला हात लावू देईना, गुरगुरायला लागली. "ऱ्हाऊ द्या," मास्तर भिंतीला म्हणाले, "अंदाजानं शिवतो." संध्याकाळी झबलं तयार. पोटाखाली नाड्या, काठाला गोट. ते आंबा रंगाचं झबलं बघायला अख्खी गल्ली लोटली. "कबरीला डोहाळजेवण काय?" कुणी म्हणालं. झबलं देखणं होतं. फक्त सैल होतं.

मग रोजचा क्रम सुरू झाला. सकाळी मास्तर दूध-भाकरीचा काला घेऊन यायचे. जिन्याखालून उठायला बघणाऱ्या कबरीला म्हणायचे, "बसून ऱ्हायाचं बाई. कुनाचं काय जळंना हितं." दिवसातून दहादा तरी म्हणायचे. आणि शेवटी मला हाक. "वहिनी, जखम बघता का जरा?" मी नाड्या न सोडता वरवर बघायची, ते बाहेर उभे. "ठीक आहे हो मास्तर." की झालं.

एक दिवस माझ्या अंगात आलं. म्हटलं, आज ह्यांची खोड मोडायची. दारातूनच ओरडले, "माझा चष्मा सापडेना मास्तर. आज तुम्हीच बघा." चष्मा माझ्या डोक्यावर होता. खिडकीच्या फटीतून मी मजा बघत बसले. मास्तर कबरीकडं पाठ करून पायरीवर बसले. उठले, परत बसले. मग हाक आली, पण नेहमीची नव्हे.

"वहिनी, वास येतोय."

मी बाहेर आले. सैल झबल्यातून कबरीनं तोंड आत घातलं होतं, नाड्या ओल्या दिसत होत्या.

"तुमी बघा. पाया पडतो."

तरी माझी जीभ थांबली नाही. "त्यात लाजायचं काय एवढं? घरात बायकोचं दुखलंखुपलं कधी बघितलं नाही काय?"

मास्तर माझ्याकडं बघायला लागले. सरळ, तोंडाकडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"न्हाय बघितलं," ते म्हणाले.

मग खाली बघत, एकेक टाका उसवावा तसं सांगत गेले. "पोरं झाल्यावर तिचं आपरेशन केलं. शिबिरात. दुष्काळ व्हता, टाके वल्ले असतानाच घागरी आनाय लागली. एक दिस मला म्हनली, 'अवो, टाक्यापाशी कायतरी झालंय, जरा बघता का?' म्या म्हनलं, माज्या आईला दाखव. आई तवा गावाकडं. दुसऱ्या दिशी परत म्हनली. म्या चप्पल घालून दुकानात आलो."

"मग?"

"मग तिनं इषय काडला न्हाय. म्या इच्यारला न्हाय. तवापासून दर दिवाळीला पोटाचा पट्टा शिवून मागती. रुंद, दोन पदरी. म्या देतो शिवून."

"कशाला लागतो तिला पट्टा?"

"न्हाय इच्यारलं वहिनी."

तो पट्टा मी पाहिला होता. मास्तरीण पापड लाटायला आली की लुगड्यावरून दिसायचा. मला वाटायचं, कंबर धरत असेल. कधी विचारलं नव्हतं मीही. उलट "नशीबवान आहेस" म्हणून तिचं तोंड मात्र बंद केलं होतं. मी जिन्याला टेकून उभी होते, आणि डोक्यावरचा चष्मा मला जड झाला.

"बसा," मी म्हटलं. "मी तिचं डोकं धरते. नाड्या तुम्ही सोडा."

सुईत एका झटक्यात दोरा ओवणारी ती बोटं. एक गाठ सुटेना त्यांना. सुटली तेव्हा आधी त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले.

"लाल हाय," ते म्हणाले. आवाज मोठा, जणू दुकानाबाहेरच्या कुणाला सांगताहेत. "फुगलंय. हितनं पानी येतंय. ह्यो टाका सुटायलाय. वहिनी, रिक्षा बोलवा."

डॉक्टरीणबाईनं जखम धुतली, इंजेक्शन दिलं. चार दिवस आधी आणलं असतं तर एवढंही झालं नसतं, असं काही ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. दुसरं झबलं मास्तरांनी कबरीला मांडीशी घेऊन, पोटाभोवती टेप फिरवून शिवलं. ते तिच्या अंगावर कातड्यासारखं बसलं. पुढं रोज ते स्वतः बघायचे आणि मला येऊन सांगायचे, आज सूज उतरली, आज कोरडी हाय. टाके काढल्यावर कबरी जी उठली ती दुकानाच्या पायरीखाली जाऊन झोपली. आमच्याकडं तिनं ढुंकून बघितलं नाही.

त्यानंतर एका दुपारी मास्तरीण विरजण मागायला आली. वाटी घेतली, पण जाईना.

"अक्का, काल ह्ये मला म्हनले, दाव."

"काय दाव?" ह्या वेळी मला खरंच कळलं नव्हतं.

"पोट."

मी विरजणाचं भांडं खाली ठेवलं.

"म्या म्हनलं, म्हातारपनी येड लागलं का काय तुमास्नी. तर म्हनले, दाव, म्या बघतो."

"मग?"

"मग पट्टा सोडला." ती वाटीत बघत राहिली. "लई येळ बघत बसले, अक्का. मला लई लाज वाटली. म्या म्हनलं, बास आता. तर इच्यारलं, दुखतं का. म्या म्हनलं, पयल्यांदा दुखायचं. आता हाय आपलं."

जुन्या टाक्यांपाशी पोटाची भिंत फाटून आतडं पुढं यायचं. एवढी वर्षं ती बाई ते पट्ट्यात बांधून भाकऱ्या थापत होती, घागरी भरत होती, आणि माझ्या विनोदांवर हसत होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मास्तरांची लेक सोलापूरला, म्हणून तिकडंच करायचं ठरलं. दुकानाला कुलूप लागलं ते परत निघालं नाही. दोघं लेकीकडंच राहिली, आणि मागच्या उन्हाळ्यात मास्तर तिथंच गेले.

मला मास्तर आठवतात ते सोलापूरच्या दवाखान्यातले. ऑपरेशननंतर मी धपाटे आणि शेंगांच्या चटणीचा डबा घेऊन एसटीनं निघाले. तुळजापूर गेलं, तामलवाडी आली. मास्तरणीचं माहेर ते. म्हटलं, ती जखम घेऊन ही पोर इथं आईकडं तरी आली असेल का? का आईलाही हिनं सांगितलं नसेल? काय बोलायचं भेटल्यावर, ते वाटेभर ठरवत होते. एक वाक्य धड जमेना. आयुष्यभर जिला फटाफट उत्तरं सुचली, ती मी.

बायकांच्या वॉर्डाच्या दाराशी पोचले तर आत भांडण चाललेलं. "पट्टी बदलायचीय बाबा, पुरुषांनी बाहेर थांबायचं," सिस्टर म्हणत होती.

"म्या न्हाय थांबनार भाईर." मास्तरांचा आवाज. अख्खा वॉर्ड ऐकत होता. "थांबलो व्हतो म्या एकदा. तुमी पट्टी बदला, म्या बघनार. आन् मला शिकवा. घरी मलाच करायचीय."

कुणीतरी बाई फिसकन हसली. मास्तरांनी तिकडं बघितलंही नाही. सिस्टरनं पडदा ओढला, तो पुरता सरकला नाही. फटीतून मला त्यांची वाकलेली पाठ दिसली, नाकावर घसरलेला चष्मा दिसला. "ह्यो दोरा कंचा हो? आपोआप विरघळतोय? आन् ही कड अशी का?" सिस्टर आता निमूट सांगत होती. मास्तरीण त्यांच्या खांद्यावरून वर कुठंतरी बघत होती. तिचं तोंड पहिल्या रात्रीच्या पोरीसारखं झालं होतं, आणि तिनं पदरानं ते झाकलं नव्हतं.

मला आत यायला कुणी नको म्हटलं नव्हतं. तरी मी मागं फिरले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले, मांडीवर डबा घेऊन. धपाटे पार गार झाले.