मांद्र्याचा ठिपका

माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही, झाडांवरसुद्धा नाही. एखादी वेल दिसली की ही इथे कशी आली, हा प्रश्न मला आधी पडतो. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासात हा स्वभाव उपयोगी पडला. घरच्यांना मात्र त्याचा तापच झाला.

त्या वर्षी मी पेडणे आणि डिचोली तालुक्यांत कवंडळाची वेल कुठे कुठे उगवते ते नकाशावर मांडत होते. टपोऱ्या लाल फळांची ही रानवेल. खायच्या कामाची नाही, पण चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळांनी मढवलेली माटोळी टांगतात, तिला हीच फळे हवीत. मला ती डिचोलीकडच्या डोंगरांत सापडत होती आणि किनाऱ्याकडे यावे तशी दिसेनाशी होत होती. आणि एक दिवस मांद्र्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या जवळ, एका व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी ती चांगली माजलेली दिसली.

आमचे सर खूश. "किनाऱ्याची नोंद मिळाली म्हणजे प्रबंधाचं सोनं झालं," म्हणाले. ते इतके खूश झाले तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. वेल आपसूक रुजलेली असेल तरच ठिपका खरा. माणसाच्या हाताने आलेली नकाशावर घेत नाहीत. म्हणून मी व्हाळाच्या काठाने वर चढत गेले. एका घराच्या परसापर्यंत वेली होत्या, त्याच्या वरच्या अंगाला एकही नव्हती.

परसात एक काकी भांडी घासत होती.

"काकी, ही वेल तुम्ही लावलीत?"

"आपशीच येता," तिने मान वर न करता सांगितले. मग माझ्या हाताकडे बघितले. "तू जमीन बघूक आयलंय न्हय?"

तेव्हा गेस्टहाऊससाठी जागा शोधणारे किनाऱ्यावर फिरू लागले होते. हातात नकाशा असलेले माणूस म्हणजे दलाल, हे तिने ठरवूनच टाकले होते. मी वाट चढून दिसेनाशी होईपर्यंत ती दारात उभी होती. ती खोटे बोलते याची मला खात्री होती, आणि मी खोटे बोलते याची तिला.

मी चवथीला मुद्दाम पुन्हा गेले. त्या दिवशी माटोळी बघायला आलेल्याला कोणी दारातून परत पाठवत नाही. गणपतीला हात जोडून वर पाहिले, तर सुपाऱ्या आणि तोरिंजनाच्या मोठाल्या लिंबांच्या मध्ये कवंडळे लोंबत होती. मी नुसते बोट दाखवले. घर पाहुण्यांनी भरलेले, तिला टाळता येईना.

"भाव हाडटा, कुळारच्या दोंगरारसून. विसर्जनाक सगळां व्हाळांत सोडटांव."

कुळार म्हणजे तिचे माहेर, डिचोलीकडचे. दर चवथीला भाऊ रानातली फळे घेऊन बहिणीकडे येई, आणि त्यांच्या बिया व्हाळाच्या काठी रुजत.

"मग ती इथली नव्हे, काकी. नकाशातून काढावी लागेल."

"माकाय थंयसूनच हाडल्ली," ती म्हणाली. "मगे हांव हंयची न्हय?"

तिलाही तिथूनच आणलेले, मग तीही इथली नव्हे का? पाहुणे हसले. मला भयंकर राग आला. घरी येऊन मी ठिपका खोडला. सर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

पुढच्या चवथीच्या तोंडावर मी काकीच्या माहेरी गेले. मांद्र्याची वेल उसनी असेना का, जिथून ती आली त्या डोंगराची नोंद तर खरी होती. पण डोंगराच्या जागी खाणीचा खड्डा होता आणि तळाशी तांबडे पाणी. वर्षभरात माती ट्रकांतून नदीवर आणि बार्जमधून मुरगाव बंदरात गेली होती.

काकीचा भाऊ ओट्यावर माटोळीची चौकट धूत होता. माझ्या हातातला नकाशा बघून त्याने पाठ फिरवली. तिथे नकाशा घेऊन येत ते खाणवाले. बहिणीची ओळख सांगितली तेव्हा कुठे त्याने बसायला सांगितले.

"यंदा कवंडळं कुठून आणणार?" मी विचारले.

"भयण धाडटा," तो म्हणाला. "मांद्र्याचीं."

मी नकाशा मांडीवर उघडला. इथला ठिपका मांडायला डोंगर उरला नव्हता, आणि मांद्र्याचा मी माझ्या हाताने खोडला होता.