आबांनी परत धुवायला लावलेली भांडी

काच स्वच्छ आहे का, हे आबा पाण्यावरून ठरवत. पौड रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे शिपाई. धुतलेला बीकर पालथा करून उजेडाकडे धरायचे. आत एक जरी थेंब चिकटून राहिला, तरी बीकर माझ्या हातात. "परत धू, पोरी. थेंब बसलाय म्हंजे तेलकट हाय."

मी चिडायचे. मार्क प्रयोगाला असतात, धुण्याला नाही, असं एकदा सुनावलंही. "व्हय, आन् प्रयोग कशात करतीस? वंजळीत?" आबा म्हणाले.

पुढे जर्मनीत सोन्याच्या नॅनोकणांवर संशोधन करायला गेले. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण. जमले की पाणी लालभडक होतं. माझं महिनाभर जांभळं पडत होतं. रसायनं बदलली, तापमान बदललं. शेवटी यंत्रातून धुऊन आलेला बीकर सहज उजेडाकडे धरला, तर आत थेंबच थेंब! सगळी भांडी हातानं धुतली, आबांनी पास केली असती इतकी. दुसऱ्या दिवशी पाणी लाल झालं आणि मी तिथेच रडले.

शोधनिबंधाच्या आभारात आबांचं नाव घातलं. मार्गदर्शकांनी ते खोडलं. म्हणे, त्यांचा इथे संबंध काय? मी गप्प बसले. त्याची चीड मला आजही येते, जास्त स्वतःचीच.

यंदा सुट्टीवर आले, तर कॉलेजनं नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला पाहुणी म्हणून बोलावलं. आबांची चौकशी केली. "त्यांना कमी केलं," प्राचार्य फोनवर म्हणाले. "आठवी पास माणूस नव्या उपकरणांना हात लावणार? आता एजन्सीची माणसं फरशीबरोबर भांडीही उरकतात." उरकतात! माझं डोकंच फिरलं. आबांना परत घ्या, तरच येईन, असं सांगितलं. "तुम्ही या तर खरं, मग बघू."

आबांच्या गावी, कासार आंबोलीला गेले. आबा कुणाच्या तरी बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावाच्या फरश्या घासत होते. मी सगळं सांगितलं, खोडलेल्या नावाचंही. त्यांचा हात थांबला नाही. "नावाचं जाऊ दे गं. तू जा तितं. पोरांम्होरं एक भांडं धुऊन दाव. न्हाईतर त्यास्नी कोन सांगनार?"

"तुम्हीच दाखवायचं. मी न्यायला येते."

"हाकलतील गं."

"मग दोघांना हाकलू देत."

उद्घाटनाच्या दिवशी आबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आले. फाटकावर वॉचमननं मला सलाम ठोकला आणि आबांपुढे हात आडवा केला. यादीत त्यांचं नाव नव्हतं. प्राचार्यांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. आबा मला आत ढकलत होते. मी हलले नाही. आत माइकवर माझं नाव पुकारत होते. पुकारू देत.