बाप नसलेल्या पोरी यादीतून गळतात

मंडळी, आज दुपारी जे पाहिलं ते सांगावं म्हणून लिहितो. माझं शिक्षण सातवीपर्यंतच, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या नातीचं नाव वर्षभर समाजाच्या वधू-वर यादीत आहे. एकही स्थळ आलं नाही. ही यादी जवळा बाजारला माझा साडू कॉम्प्युटरवर सांभाळतो. विचारलं की म्हणायचा, "धीर धरा, पाव्हणं."

आज नातीलाच घेऊन गेलो. ती हिंगोलीला कॉम्प्युटर शिकते. तिनं शोधून पाहिलं, तर तिचंच नाव येईना. मग तिनं आतलं उघडून मला समजावलं. मुलींची यादी वेगळी, वडिलांची वेगळी. शोधताना दोन्ही जोडतात आणि दोन्हीकडे जुळेल तेवढंच दाखवतात. माझा मुलगा जाऊन सहा वर्षं झाली. वडिलांच्या यादीत तो कुठून असणार?

"मला ठाऊक व्हतं," साडू म्हणाला. "बाप नसलेली पोरगी लोक बघत न्हाईत. काहून तकलीफ घ्यावी?"

ठाऊक होतं, आणि वर्षभर माझ्याच ओसरीवर बसून चहा प्यायला!

नातीनं जोडणीची अट बदलली. वडील सापडले नाहीत तरी मुलीचं नाव ठेवायचं. तिच्यासोबत आणखी अकरा पोरी पडद्यावर आल्या.

साडू म्हणतो, गप्प राहा, नात्यात बोभाटा नको. तुम्हीच सांगा, त्या अकरा घरी जाऊन खरं सांगू की नको? माझा पाय तर घरात ठरत नाही.