मूळ गाव

माझ्या मित्राने एकच गोष्ट बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि मी ती बोललो. विसरून नाही. आठवत असताना बोललो.

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. तो चीनचा, मी पुण्याचा. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना मी विचारलं, "मूळ गाव कुठलं?" आपल्याकडे त्याशिवाय ओळख पुरी होत नाही. हातातला घास तसाच धरून त्याने एका मोठ्या शहराचं नाव घेतलं.

खरं सांगायला त्याला वर्ष लागलं. त्यांच्याकडे जन्मतःच सरकारी नोंद होते, गावची किंवा शहराची. त्याची गावची होती. कॉलेजमुळे ती बदलली. आईची, बहिणीची तशीच राहिली. बहीण शहरात कामाला होती, पण तिच्या मुलीला तिथल्या शाळेने घेतलं नाही. कॉलेजात मुलं आपल्यापासून सरकून बसायची, हे त्याने हसत सांगितलं. ते हसू मला बघवलं नाही.

२००४च्या हिवाळ्यात त्याचं लग्न ठरत आलं. मुलगी शांघायची, इथेच नोकरीला. तिला सगळं ठाऊक होतं, तिच्या आईवडिलांना नाही. ते मुलगा बघायला येणार होते.

"माझ्या बाजूने इथे कोणी नाही. तुझ्याकडे जेवायला आणू?" तो म्हणाला. "फक्त गावाचा विषय नको."

"अरे, गाव काय लपवायचं? आमच्याकडे गाव नसलेल्याची कीव करतात."

"तुमच्याकडे," तो म्हणाला.

त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. बायकोने श्रीखंड-पुरी केली होती. मुलीचे वडील निवृत्त इंजिनिअर, इंग्रजी चांगलं. बोलत कमी होते. मधूनच मित्राच्या हातांकडे बघत होते. मुलगी आईला सगळं चिनीत सांगत होती. मित्राची पुरी ताटात निवत होती.

वडिलांनी मला विचारलं, "याच्या घरच्यांना ओळखता?"

"फोटो पाहिलाय ना! आई अगदी आमच्या गावच्या काकूंसारख्या. गुडघाभर चिखलात उभं राहून अजून स्वतः भात लावतात!"

मुलीने हे आईला सांगितलं नाही. मग ते वाक्य वडिलांनीच हळू आवाजात बायकोला सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला. माझी बायको घाबरून मराठीतच म्हणाली, "काकू, थोडं श्रीखंड?" पाहुणे उठले, दारात बूट चढवले आणि निघून गेले.

"काय बोललास तू?" बायकोने विचारलं.

"चांगलंच तर बोललो."

"मग ते असे का गेले?"

लग्न मोडलं. त्याने कंपनीच्या दूरच्या बेलव्ह्यूच्या ऑफिसात बदली मागून घेतली. असली माणसं सुटली ते बरंच झालं, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो.

पुढे महाराष्ट्र मंडळात नागपूरकडचे एक गृहस्थ नवीन आले. मी सवयीने विचारलं, "मूळचे कुठले? आडनाव काय?" ते हसले. तेच हसू. त्या प्रश्नाने मी आजवर माणसांची काय मापं काढत होतो, ते मला तिथे, हातात चहाचा कप असताना कळलं. मला तो पिववेना.

२००७मध्ये ऑफिसच्या कामाने बेलव्ह्यूला गेलो, तेव्हा त्याला भेटलो. तो एकटाच राहत होता. बसायच्या आधीच मी बोललो.

"तू नको म्हणाला होतास, ते मला आठवत होतं. तुझी भीती मला पोरकट वाटली, म्हणून बोललो. तुझं लग्न माझ्यामुळे मोडलं. मला माफ कर."